इंटरसेप्ट म्हणजे कॅथोडचं वर्क फंक्शन नव्हे

‘फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट चार मुद्द्यांत’ असं एक चित्र विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतंय. प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, तो हा परिणाम. प्रयोगात ते निर्वात नळीतल्या कॅथोडमधून सुटतात, समोरच्या अ‍ॅनोडवर गोळा होतात आणि करंट वाहतो. आता ते माझ्या भाचीच्या बीएस्सीच्या जर्नलमध्येही जसंच्या तसं उतरलंय, म्हणून हे लिहावं लागतंय.

‘तीव्रता वाढवून काहीच बदलत नाही.’ स्टॉपिंग पोटेन्शियल, म्हणजे सगळ्यात वेगवान इलेक्ट्रॉनही अडवणारं उलटं व्होल्टेज, बदलत नाही, एवढंच खरं. करंट तीव्रतेच्या प्रमाणात वाढतो.

‘तीव्रता तीच ठेवून वारंवारता वाढवली तरी सॅच्युरेशन करंट तोच.’ सॅच्युरेशन करंट म्हणजे सुटलेले सगळे इलेक्ट्रॉन गोळा झाले की मिळणारा कमाल करंट. तो तोच का म्हणून राहील? ४०० नॅनोमीटरऐवजी २०० नॅनोमीटरचा प्रकाश तेवढ्याच शक्तीने टाकला, तर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे ऊर्जाकण, निम्मेच येतात. शिवाय किती फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन सुटतो, हेही तरंगलांबीनुसार बदलतं.

‘मीटर शून्यावर आला की स्टॉपिंग पोटेन्शियल मिळालं, उतारावरून प्लँकचा स्थिरांक काढा, इंटरसेप्टवरून कॅथोडचं वर्क फंक्शन.’ सगळ्यात जास्त नुकसान हा मुद्दा करतो. आलेख असतो स्टॉपिंग पोटेन्शियल विरुद्ध वारंवारतेचा; तो उभ्या अक्षाला छेदतो तो इंटरसेप्ट, आणि वर्क फंक्शन म्हणजे धातूतून इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी किमान ऊर्जा. कॅथोडवरचा अल्कली धातू थोडाथोडा अ‍ॅनोडवर जाऊन बसतो. त्यावर विखुरलेला प्रकाश पडला की अ‍ॅनोडमधूनही इलेक्ट्रॉन सुटतात आणि उलटा करंट वाहतो. मीटर शून्य दाखवतो तिथे हे दोन करंट फक्त सारखे झालेले असतात. खरं स्टॉपिंग पोटेन्शियल त्याच्याही पुढे असतं. ही तूट दिव्याच्या प्रत्येक वर्णरेषेला (तरंगलांबीला) वेगळी, त्यामुळे उतारही बिघडतो.

म्हणून प्रकाश कॅथोडवरच पडेल असं छोटं छिद्र लावा. दिवा आधी नीट तापू द्या. नळी झाकून मीटरचा शून्य जुळवा. मग उलटं व्होल्टेज शून्य करंटच्या पलीकडे, करंट सपाट होईपर्यंत वाढवत न्या, वळणापाशी ०.०५ व्होल्टच्या टप्प्यांनी वाचनं घ्या. सपाट भागाची रेषा मागे वाढवा आणि वक्र तिच्यापासून जिथे सुटतो ते व्होल्टेज घ्या. पाऱ्याच्या दिव्याच्या ३६५ आणि ५७८ नॅनोमीटर रेषांच्या स्टॉपिंग पोटेन्शियलमध्ये सुमारे १.२५ व्होल्टचा फरक यायला हवा. तो १ व्होल्टच्या आसपास आला, तर आलेख काढण्याआधी वाचनं पुन्हा घ्या.

इंटरसेप्टचं म्हणाल तर, कॅथोड आणि अ‍ॅनोड या दोन धातूंमधलं कॉन्टॅक्ट पोटेन्शियल (वर्क फंक्शन वेगळी असल्याने आपोआप येणारा व्होल्टेजचा फरक) धरलं की कॅथोडचं वर्क फंक्शन समीकरणातून निघूनच जातं आणि उरतं ते अ‍ॅनोडचं. भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनचा १९१६ चा प्रयोग बघा. त्याने धातूचा पृष्ठभाग निर्वातातच खरवडून ताजा केला, इलेक्ट्रॉन गोळा करायला ऑक्सिडाइझ केलेलं तांबं वापरलं आणि कॉन्टॅक्ट पोटेन्शियल वेगळं मोजलं. ते न मोजता ‘कॅथोडचं वर्क फंक्शन’ लिहिणं म्हणजे न मोजलेला आकडा लिहिणं.

‘या परिणामाने फोटॉन सिद्ध झाला.’ अर्धं मान्य. अभिजात तरंगसिद्धांताला हा परिणाम समजावता आला नाही आणि आइनस्टाइनचं १९०५ चं समीकरण मोजमापांशी जुळलं. पण प्रकाश तरंगच मानून फक्त धातूतले इलेक्ट्रॉन क्वांटम नियमांनी चालवले तरी तेच समीकरण मिळतं, हे लॅम्ब आणि स्कली या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये मांडलं. जर्नलच्या निष्कर्षात ‘सिद्ध झाला’ खोडून ‘फोटॉनच्या कल्पनेशी सुसंगत’ असं लिहा.