१.०२० वर बसलेली बियर

अमेरिकेत घरी बियर करायला १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली. घरात दोन प्रौढ असले की वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्याही वर. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या चुलतभावाला कृती पाठवू नये.) सरकारने एवढी सोय केली, फक्त यीस्टला कायदा लागू करायचं राहून गेलं. पाच गॅलनची बॅच १.०५० वरून झोकात निघते (हा आकडा घनतेचा: साधं पाणी १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा वर, आणि यीस्ट साखर खाईल तसा तो उतरतो), एअरलॉक, म्हणजे गॅस बाहेर सोडणारी झाकणावरची नळी, चार दिवस डबडब वाजतो आणि मग रुसलेल्या जावयासारखी ती १.०२० वर जी बसते, ती उठायचं नाव घेत नाही. रेसिपीत शेवटचा आकडा १.०१२ छापलेला असतो. रेसिपी लिहिणाऱ्याचं काय जातंय?

अशा वेळी माझ्यासकट सगळ्यांच्या हाताला खाज सुटते. कोणी फर्मेंटर (बियर आंबते ते भांडं) गदागदा हलवतो, कोणी आणखी यीस्ट भुरभुरवतो. माझं म्हणणं असं की आधी संशय बियरवर नको, हायड्रोमीटरवर, म्हणजे घनता मोजणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीवर घ्यावा. डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, हायड्रोमीटरवर छापलेल्या तापमानाला आणायचं (कुठे १५.६ अंश सेल्सिअस असतं, कुठे २०) आणि तो १.००० दाखवतो का ते बघायचं. आतला कागद सरकलेला असला तर सगळा दोष त्या कागदाचा. नमुन्यात गॅस असला तर बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा फुगतो. म्हणून नमुना दोन पेल्यांत चहावाल्यासारखा वरखाली करावा आणि मगच मापावा.

रिफ्रॅक्टोमीटरवाल्यांची, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणाऱ्यांची, तर वेगळीच गंमत. अल्कोहोल आलं की ते यंत्र गोंधळतं. सुरुवातीला १२ ब्रिक्स (साखरेची टक्केवारी) होतं आणि आता ६ दिसतंय, तर सरळ रूपांतराने १.०२४ येतं. अल्कोहोलची दुरुस्ती केली की तीच बियर १.०१२ च्या आसपास निघते. किती बॅचचे उपचार निव्वळ या गणितापायी झाले असतील, देव जाणे.

आकडा खरा निघाला, तर पुढचा प्रश्न यीस्ट कुठलं होतं हा. १.०५० वरून १.०२० म्हणजे ६० टक्के अॅटेन्युएशन (यीस्टने आकडा किती टक्के उतरवला ते), १.०१२ म्हणजे ७६. पण विंडसर नावाच्या यीस्टसारखं एखादं यीस्ट माल्टोट्रायोजला (माल्टमधल्या एका साखरेला) हातच लावत नाही, ते पानात तसंच टाकून उठतं. त्याच्याकडून ७६ टक्के मागणं हा आपलाच हावरटपणा. मिल्क स्टाउट ही गोडसर काळी बियर असेल तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आठवा: १९ लिटरला ४५० ग्रॅम घातलं की साधारण ८ पॉइंट (१.०२० म्हणजे २० पॉइंट) कायमचे मुक्कामाला. नेहमीचं बियर यीस्ट ते खाऊ शकत नाही.

उरला मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून त्याची साखर करणं, आणि माझ्या मते खरी मेख बहुतेक वेळा इथेच असते. ६५ अंशांना मॅश केलं तर यीस्टला पचणारी साखर भरपूर होते. ७० अंशांवर ती साखर करणारं बीटा-अमायलेज हे एन्झाइम लवकर गारद होतं आणि वर्टमध्ये (न आंबलेल्या गोड पाण्यात) यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन उरतात. थर्मामीटर तीन अंश कमी दाखवत असेल, तर आपण ६७ समजून ७० वर शिजवत असतो. बर्फाच्या पाण्यात तो शून्य दाखवतो का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. पण १५ डॉलर देऊन आणलेल्या थर्मामीटरवर आपला वडीलधाऱ्यांइतका विश्वास असतो.

दोष यीस्टचा की साखरेचा, हे ठरवायला एक चाचणी आहे. पाव लिटर बियर बाटलीत काढा, त्यात ताजं ड्राय यीस्ट सढळ हाताने घाला, २५ अंशांच्या आसपास ठेवा आणि अधूनमधून हलवा. दोन-तीन दिवसांनी आकडा जेमतेम १.०१९ वर आला असेल, तर बियर पूर्ण झालेली आहे. मग शॅम्पेन यीस्ट आणायला धावू नका. सगळे तोच सल्ला देतात, पण माल्टोट्रायोजपुढे तेही हात टेकतं.

नमुना १.०१२ ला उतरला, तर मात्र बॅच खरोखर अडकलेली. बहुधा गॅरेज गारठलेलं असतं. फर्मेंटर २१-२२ अंशांवर आणा आणि तळाचं यीस्ट उठेल इतपतच हळू घुसळा. या टप्प्यावर हवा मिसळली तर बियरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. तेवढ्याने हललं नाही, तर लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम ड्राय माल्ट (माल्टच्या अर्काची पूड) उकळून, गार करून, त्यात यीस्ट वाढवून स्टार्टर करा आणि तो ऐन फेसावर असताना ओता. कोरडं यीस्ट वरून भुरभुरवलं तर ते थेट अल्कोहोलात पडतं आणि बहुतेक तिथेच मान टाकतं. ग्लुकोअमायलेज एन्झाइम डेक्स्ट्रिनही फोडतं, पण त्याला थांबायचं कळत नाही. स्टाउट १.००० ला जाऊन पाणचट झाली, तर दाद कुणाकडे मागणार?

बाटल्या भरायची घाई मात्र नको. एका पॉइंटमधून साधारण अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बियरच्या निम्म्या आकारमानाइतका, गॅस निघतो. अडकलेले ८ पॉइंट बाटलीत जागे झाले तर ४ व्हॉल्यूम, वर प्रायमिंग साखर (बाटली भरताना गॅससाठी घालतात ती) धरून नेहमीचे अडीच. साधी बाटली ३ च्या आसपासच कण्हायला लागते. तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन वेळा तोच आकडा आला तरच भरा, आणि एक बाटली प्लास्टिकची ठेवा. ती दाबून दबेनाशी झाली की बाकीच्या बाटल्या फ्रीजमध्ये हलवा. हलवताना चष्मा घाला.