डोंबिवलीकरांना उत्तर : नॉफ्लरचं सर्वांत चांगलं गाणं कोणतं?

डोंबिवलीकर, नमस्कार.

‘डायर स्ट्रेट्स’ बँडचा गिटारवादक-गायक मार्क नॉफ्लर याच्या गाण्यांची मी लावलेली क्रमवारी तुम्हाला पटली नाही, आणि का पटली नाही ते तुम्ही ‘डोंबिवलीकर’ या नावाने प्रतिक्रियेत मन लावून लिहिलंत. त्यामुळे दोन ओळींत तुमची बोळवण करणं मला बरं वाटत नाही. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : मी ‘सो फार फ्रॉम द क्लाइड’ पहिलं ठेवलं, ‘टेलिग्राफ रोड’ दुसरं, ‘सेलिंग टू फिलाडेल्फिया’ तिसरं आणि ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’ चौथं. सर्वांत वाईट गाणं म्हणून ‘मनी फॉर नथिंग’चं नाव घेतलं.

तुमचं म्हणणं असं, की ‘सुल्तान्स’ला चौथ्या नंबरवर बसवणाऱ्याला गिटार ऐकूच येत नाही. ‘मनी फॉर नथिंग’मध्ये बोलतो तो नॉफ्लर नाही, ते एक पात्र आहे, एवढंही मला कळलेलं नाही. आणि चारचौघांनी न ऐकलेलं गाणं डोक्यावर घेणं हा निव्वळ जाणकारीचा आव. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘क्लाइड नदीचा नि आपला संबंध काय?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

माझे वडील माझगावच्या बाजूला एका ड्राय डॉकच्या (जहाज दुरुस्तीच्या गोदीच्या) वर्कशॉपमध्ये फिटर होते. सुट्टीच्या दिवशी कधीतरी ते मला घेऊन रे रोड स्टेशनला उतरायचे आणि आम्ही दारुखान्यात, म्हणजे जुनी जहाजं तोडायचे त्या भागात, जायचो. दारुखाना ज्यांनी पाहिला नाही त्यांना कसं सांगू? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जहाजाचे सुटे अवयव मांडलेले असायचे. हाताच्या मनगटाएवढ्या कड्यांचे साखळदंड, तारांचे दोर, कप्प्या, गोल पितळी खिडक्या. आत, पाण्याच्या कडेला, गॅसकटर चालू असायचा. मी तासन् तास ते बघत उभा राहायचो. ज्योत टेकली की आधी प्लेटवरचा रंग फुगतो, त्याला फोड येतात, काळा धूर सुटतो आणि घशाला कडवट लागतो. मग लोखंड लाल होतं, पिवळं होतं, आणि एकदम खालच्या बाजूने ठिणग्यांचा लोट पडायला लागतो. कापणारा माणूस तोंडाला ओलं फडकं बांधून उकिडवा बसलेला असायचा. ज्या प्लेटवर बसलाय, तिचाच पुढचा भाग तो कापत असायचा.

एकदा तिथे एक सुटा पंप पडला होता. त्यावर पितळेची छोटी पाटी. बाबांनी अंगठ्याने काजळी घासून काढली आणि एकेक अक्षर लावत वाचलं : ग्लासगो. मला म्हणाले, ‘ज्याने हा बनवला त्याला कुठे ठाऊक असणार, हा इथे येऊन पडलाय ते.’

२००९ मध्ये नॉफ्लरचा ‘गेट लकी’ अल्बम आला आणि त्यात हे गाणं होतं. ग्लासगोच्या क्लाइड नदीवर बांधलेलं एक जहाज तोडायला नेलं जातं, एवढीच गोष्ट. मोजके खलाशी शेवटचं एकत्र जेवतात, मुदपाकखान्यातली भांडी थंड होत जातात, मग जहाज किनाऱ्यावर चढवतात. देवमाशाच्या धुडावर तुटून पडावं तशी माणसं त्याच्यावर कटर आणि कुऱ्हाडी घेऊन चढतात. आणि नॉफ्लर त्या तोडणाऱ्या माणसांना दोष देत नाही. ती इतकी गरीब आहेत, की हळहळायला त्यांच्याकडे वेळ नाही, असं तो म्हणतो. ती ओळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ओलं फडकं बांधलेला तो माणूस दिसला. मी बाबांना शेजारी बसवून गाण्याचा एकेक ओळीने अर्थ सांगितला. तेव्हा ते निवृत्त झाले होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘भरती बघून चढवलं का?’ ज्याने आयुष्यभर हेच काम पाहिलं त्याला गाणं खरं वाटल्याची ती पावती होती.

आणि संबंधच शोधायचा, तर तो याहून जवळचा आहे. नॉफ्लर जन्मला ग्लासगोत, पण वाढला न्यूकॅसलच्या परिसरात, टाइन नदीच्या मुलखात. त्याच टाइनवर १९४५ मध्ये ‘हर्क्युलिस’ नावाच्या एका विमानवाहू नौकेचं जलावतरण झालं. युद्ध संपलं आणि ती अर्धवट पडून राहिली. पुढे भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला तिचं काम पुरं झालं आणि ४ मार्च १९६१ ला ती ‘आयएनएस विक्रांत’ म्हणून आपल्या नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिने काय केलं हे सांगायची गरज नाही. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिला वाचवायला लोक कोर्टात गेले, पण यश आलं नाही. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली आणि तोडली गेली ती दारुखान्यातच. नॉफ्लरच्या गावच्या नदीतून निघालेलं जहाज माझ्या बाबांच्या रे रोडला येऊन संपलं. क्लाइडचा नि आपला संबंध काय, याचं माझं उत्तर हे आहे.

आता गिटार. मला गिटार ऐकू येत नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. २००५ च्या मार्चमध्ये तो मुंबईत वाजवायला आला तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात मी उभा होतो. पिक (तार छेडायची छोटी पट्टी) न घेता, नुसता अंगठा आणि दोन बोटांनी तो तार कशी खेचतो हे बघायला मी गर्दीतून पुढे पुढे सरकत गेलो होतो. ‘सुल्तान्स’ सुरू झालं तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने माझा खांदा धरला आणि आम्ही दोघं शेवटपर्यंत तसेच उभे राहिलो. त्याआधीची कितीतरी वर्षं काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेल्या कॅसेटवर तीच धून मी टेप घासेपर्यंत ऐकली होती.

‘सुल्तान्स’मागची हकीकत तुम्हाला माहीत असेलच. पावसाची रात्र, लंडनमधला जवळजवळ रिकामा पब, कोपऱ्यात एक सुमार जॅझ बँड. वाजवून झाल्यावर त्यांचा म्होरक्या मोठ्या ऐटीत सांगतो, की आम्ही म्हणजे सुल्तान्स ऑफ स्विंग! नॉफ्लरने आधी ते गाणं ‘नॅशनल स्टील’ या धातूच्या गिटारवर बांधलं, पण ते त्याला मिळमिळीत वाटलं. मग स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार हातात आली आणि गाणं जिवंत झालं. तुम्ही म्हणता ती जादू तिथली, हे बरोबरच आहे. पण ती जादू कोणासाठी खर्च झाली आहे, तेही बघा. त्या गाण्यातला हॅरी दिवसा नोकरी करतो, रात्री वाजवतो, आणि नाव झालं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही. कोपऱ्यातल्या पोरांना त्या बँडचं सोयरसुतक नाही.

आमच्या लालबागच्या चाळीत एकादशीला भजनी मंडळ बसायचं. पखवाजवाले टपाल खात्यात, पेटीवाले गिरणीच्या पाळीवर. पाळी सुटून यायचे, हातपाय धुवायचे, तोंडावरचं पाणी पुसता पुसता पेटीचा भाता उघडायचे. ऐकायला तीन बायका, एक पेंगणारं पोर आणि मी. तरी गजराला जी लय चढायची ती मी पुढे मोठ्या मोठ्या मैफलींतही क्वचित ऐकली. म्हणून ‘सुल्तान्स’ मला परकं वाटत नाही. चौथा नंबर दिला तो कमी लेखून नव्हे. पहिल्या चारांतलं अंतर सुताएवढं आहे आणि ते मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं.

‘टेलिग्राफ रोड’बद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणजे तिथे आपलं एकमत दिसतंय. तरी एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. चौदा मिनिटांचं ते गाणं १९८२ चं. एका पायवाटेवर एक माणूस ओझं टाकून राहतो, मग वस्ती होते, शाळा, चर्च, कारखाने, सहा पदरी रस्ता, आणि शेवटी कामच उरत नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या खऱ्या रस्त्याचं ते नाव आहे. त्याच वर्षी, १८ जानेवारीला, आमच्याकडे गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख माणसं बाहेर पडली. भजनी मंडळातले पेटीवाले त्यातलेच. संपानंतर ते गावी गेले, पेटी चाळीतच राहिली. त्या गाण्याच्या शेवटी गिटार जी पिसाटल्यासारखी धावते, ती मला कधीच नुसती करामत वाटली नाही.

आता ‘मनी फॉर नथिंग’. इथे तुमचा मुद्दा वजनदार आहे. बोलणारा नॉफ्लर नाही, हे मला ठाऊक आहे. न्यूयॉर्कमधल्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात माल पोचवणारा एक माणूस भिंतीवरच्या टीव्हींवर एमटीव्ही बघत बडबडत होता. नॉफ्लरने दुकानातच कागद-पेन मागून घेतलं आणि त्याची बोली उतरवली. तो पूर्वी लीड्सला वार्ताहर होता, ही सवय तिथली. १९८५ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात त्या माणसाच्या तोंडी समलिंगी पुरुषांसाठीची एक शिवी आहे. २०११ मध्ये कॅनडातल्या खासगी प्रसारकांच्या मानक मंडळाने मूळ रूपातलं गाणं रेडिओवर लावायला आधी मनाई केली आणि त्याच वर्षी पुढे निर्णय स्टेशनांवर सोपवला. माझा आक्षेप त्या शिवीपुरता नाही. पात्र अडाणी असेल तर ते अडाण्यासारखंच बोलणार.

माझा आक्षेप वेगळा आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पहिला फ्रिज आला. दुकानाच्या माणसाने तो पाठीला पट्टा बांधून लाकडी जिन्याने एकट्याने वर आणला. पट्टा सोडला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर घामाची आडवी ओळ उमटली होती. पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा करून तो दारात उभा राहिला आणि आतला क्रिकेटचा सामना बघत म्हणाला, ‘हे बरं, उन्हात खेळायचं नि वर पैसे.’ कोणी हसलं नाही. त्याला हसण्याचा अधिकार त्या खोलीत कुणालाच नव्हता. नॉफ्लरच्या गाण्यात नेमका हाच माणूस आहे, हीच चीड आहे, आणि आपण स्टेडियममध्ये उभे राहून त्या चिडीला हसतो. त्याने त्या माणसाचे शब्द घेतले, पण त्याची पाठ घेतली नाही. २००४ च्या ‘५.१५ ए. एम.’मध्ये रात्रपाळी करून घरी निघालेल्या खाणकामगाराला गाडीत प्रेत सापडतं. तिथेही कष्टकरी माणूस आहे, पण त्या गाण्यात त्याला कोणी हसत नाही. नॉफ्लर जिथे माणसाच्या शेजारी बसतो तिथे तो थोर आहे, आणि जिथे समोर उभा राहून बघतो तिथे त्याचं गाणं खाली येतं. माझी सगळी क्रमवारी यावर बेतलेली आहे.

पण ‘सर्वांत वाईट’ म्हणण्यात माझी चूक झाली. तुमची प्रतिक्रिया वाचून रविवारी मी सगळे अल्बम पुन्हा लावले. १९८० च्या ‘मेकिंग मूव्हीज’मधलं शेवटचं ‘ले बॉइज’ ऐकलं आणि माझ्या लेखात ते कसं सुटलं याचं वाईट वाटलं. जर्मनीतल्या बारमध्ये नाचणाऱ्या समलिंगी मुलांवरचं ते गाणं. तमाशातला नाच्या आला की पुढच्या रांगेतले काही जण नुसतं त्याच्या हातवाऱ्यांना हसतात, कला बघतच नाहीत, त्या जातीचं ते बघणं आहे. ‘मनी फॉर नथिंग’ला निदान तो रिफ, गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, तरी आहे. पहिल्या सुरालाच अंगात वीज जाते, ते मी कसं नाकारू? ‘ले बॉइज’कडे तेही नाही. आणि ज्या अल्बमवर ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आहे त्याचा शेवट असा व्हावा, हे मला आजही सलतं.

जाणकारीच्या आवाबद्दल एवढंच सांगतो, की ‘सो फार फ्रॉम द क्लाइड’ कोणी ऐकलंय नि कोणी नाही याचा हिशेब मी केला नव्हता. मी ते बाबांबरोबर ऐकलं. त्यात बासरी, फिडल, अकॉर्डियनच्या वळणाची जुनी लोकधून आहे आणि गिटार जवळजवळ मागे उभी आहे. ज्याच्या बोटांत एवढं सामर्थ्य आहे त्याने ते आवरून धरावं, जहाजाला बोलू द्यावं, हेही गिटारवादनच आहे असं मला वाटतं. एकदा रात्री, घरात निजानीज झाल्यावर, हेडफोन लावून ऐका आणि मग पुन्हा भांडा.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी कंसात एक ओळ होती, की मुलगी तान्ही असताना तिला ‘व्हाय वरी’ लावून झोपवायचात आणि ते माझ्या वीस गाण्यांत कुठेच नाही. ते गाणं त्याने एव्हर्ली ब्रदर्स या अमेरिकी गायक-भावांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं होतं आणि पुढे त्यांनी ते गायलंही. काल रात्री ते सलग तीनदा ऐकलं. शेवटची दोन-तीन मिनिटं शब्दच नाहीत, नुसती तार हळूहळू निवत जाते. हे कसं सुटलं माझ्याकडून? आज लेखात दुरुस्ती केली आहे : ‘ले बॉइज’ तळाला, ‘मनी फॉर नथिंग’ त्याच्या एक पायरी वर, ‘व्हाय वरी’ सातवं. ‘सुल्तान्स’ चौथंच.