गाडीचा आवाज कुठल्या रकान्यात बसतो?

आज सकाळी जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा पोरगा शिरोलीला आमच्या शेडवर आला होता. माझ्या बॉक्स्टरभोवती, म्हणजे पोर्शच्या दोन सीटच्या, कापडी छपराच्या गाडीभोवती फिरला, रंगाची जाडी मोजायचं यंत्र दारांना लावलं, टायरचे फोटो काढले, बंपरवरचा ओरखडा जवळून टिपला. टॅबवर आकडा आला, तो मला दाखवला. झालं! "अरे, चालू तरी करून बघ," म्हटलं, तर म्हणतो, "सर, त्यानं किमतीत फरक पडत नाही."

मंडळी, तेव्हापासून डोकं फिरलंय.

आकडा कमी आला याचा राग नाही. २०१० ची गाडी, पंधरा वर्षांचं पासिंग संपलेलं. पुन्हा रजिस्ट्रेशन करायचं तर बाहेरून आलेल्या गाडीला आरटीओची फी २०२२ पासून ४०,००० झालीय, वर ग्रीन टॅक्स. हे सगळं मला कळतं. पण इंजिनाचा आवाज न ऐकता इंजिनाची किंमत? कोल्हापुरात? कारखान्यांच्या आमच्या उद्यमनगरात हे कुणी चालवून घेतलं असतं का?

आमचे अण्णा आयुष्यभर फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे धातू ओतायचे साचे करायचे. ओतून काढलेल्या भागावर, म्हणजे कास्टिंगवर, हातोडीचा एक ठोका मारायचे आणि नुसत्या आवाजावरून आत तडा आहे की नाही ते सांगायचे. ही गाडी पुण्याहून सेकंडहँड आणली तेव्हा त्यांना घेऊन गगनबावड्याला गेलो होतो. या गाडीचं इंजिन सीटच्या मागंच असतं. अण्णांनी सीटमागच्या भिंतीला तळहात लावला आणि वाटेतलं कळे गाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहाच्या सहा एकसारख्या बोलत्यात की रं." सिलिंडर किती, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

समोरासमोर आडवे तीन-तीन पिस्टन, एकाचा धक्का दुसरा खातो, म्हणून ते इंजिन थरथरत नाही. अण्णांच्या हाताला ते कळलं. टॅबला कसं कळणार?

भाचा सीए आहे. तो संध्याकाळी म्हणाला, "मामा, घसारा म्हणजे घसारा." वस्तू जुनी होत जाते तशी तिची किंमत उतरवत न्यायची, तो घसारा. धंद्याच्या वह्यांत गाडीवर दरवर्षी १५ टक्के, तोही उरलेल्या रकमेवर. विम्यात पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, पाच वर्षं होईपर्यंत निम्मी किंमत, त्यापुढं दोघांनी बोलून ठरवायचं. बरोबर आहे बाबा. पण आमच्या शेडमधला जुना लेथ वह्यांत कधीच भंगारात गेलाय आणि आजही नव्या मशीनच्या तोडीचं माप काढतोय. त्याला कुणी विकायला काढत नाही!

आणि घसारा घसारा म्हणून जे ओरडतात, त्यांनी एक सांगावं. नव्या गाडीत पहिल्या काही वर्षांत जे पैसे बुडतात, ते सगळे गाडीचे असतात का? ही गाडी बाहेरून तयार होऊन येते. मूळ किमतीइतकी तर आयात ड्युटीच बसते, त्यावर बाकीचे कर, त्यावर रोड टॅक्स. ते पैसे सरकारजमा झाले, परत कुणाला मिळत नाहीत. पहिल्या मालकानं ते सोसले आणि मला नुसती गाडी मिळाली. म्हणून परत घेणार तीही जुनीच.

आता "मग बदलतोस कशाला" असं विचाराल. छपराचं कापड विरलंय आणि आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे. पार्ट मागवला की आठवडेच्या आठवडे गाडी जॅकवर. मान्य, हा त्रास खरा आहे, त्यावर वाद घालत नाही.

पण नवीन म्हणून काय घ्यायचं? २०१६ ला कंपनीनं बॉक्स्टरचं नाव ७१८ केलं आणि दोन सिलिंडर काढून टाकले. चार सिलिंडर, टर्बो, ३०० हॉर्सपॉवर. माझी २५५ ची. ती जास्त पळते, पळू दे. मी एक चालवून बघितली, खाली उतरलो आणि पहिल्यांदा अण्णांचीच आठवण झाली. त्या भिंतीला हात लावून ते काय बोलले असते? बहुतेक काहीच नाही. पुढं २०२० च्या सुमाराला कंपनीनं स्वतःच चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन त्याच गाडीत परत बसवलं. चारमध्ये भागत होतं तर हे कशासाठी केलं? ती मात्र माझ्या आवाक्यात नाही. पेट्रोलची ७१८ आता बनायचीच बंद झालीय.

मधली एक राहते. २०१२ ते २०१६ ची, ९८१ म्हणतात ती. २.७ लिटर, सहा सिलिंडर, २६५ हॉर्सपॉवर. स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, माझ्या हायड्रॉलिकसारखा रस्ता हाताला सांगत नाही. हे गिळायला जड जातंय, पण गिळतो.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या पोराचाही दोष नाही, त्याला जे भरायला सांगितलंय ते तो भरतो. पण माझी गाडी त्याला देणार नाही. उद्यमनगरातला एक तरुण मिस्त्री बरेच दिवस मागं लागलाय, पैसे हप्त्यानं देईन म्हणतो. टॅबवरच्या आकड्यापेक्षा कमीच मिळतील. घरात यावरून बोलणी खाल्ली, अजून खाईन. गाडी त्यालाच जाणार.

तेव्हा मंडळी, पुणे-मुंबई-बेळगावकडं कुणाच्या पाहण्यात ९८१ असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण पाहिजे आणि पुराच्या पाण्यात उभी राहिलेली नको. रंग कुठलाही चालेल, पांढरा सोडून.