आइस क्यूब, तुरुंगांच्या कंपन्या आणि एक खोटा संदेश

मराठवाड्यातील अनेक कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये सध्या 'पालकांनो, सावध व्हा' असा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: रॅप हा प्रकार अमेरिकेतील खासगी तुरुंगांच्या मालकांनी तरुणांना गुन्हेगार बनवण्यासाठी जन्माला घातला, आइस क्यूब या ज्येष्ठ रॅपरने हे स्वतः कबूल केले आहे, तो तुरुंगात वाढलेला गुंड असून एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने त्याच्या गाण्यांवर बंदी घातली होती, लस कंपनीने देऊ केलेले ९० लाख डॉलर त्याने नाकारले, कारण त्याला आतले सत्य ठाऊक होते, 'त्या लोकांच्या' रक्तातच गुन्हा असतो, आणि म्हणून संतांच्या या भूमीत मुलांच्या हाती हे विष देऊ नका. परभणीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या घरी हा संदेश पोहोचला, आमच्या दाजींनी तो अक्षरशः खरा मानला आणि बारावीत शिकणाऱ्या भाच्याची रॅपची वही कपाटात कुलूपबंद केली. त्या वहीत कापसाचा भाव आहे, पीकविम्याची न आलेली रक्कम आहे आणि टँकरपुढची रांग आहे. मुलगा वाया जाऊ नये ही दाजींची काळजी खरी आहे. पण ज्या मजकुराच्या आधारावर त्यांनी निर्णय घेतला, तो मजकूर जवळपास पूर्णपणे खोटा आहे.

तुरुंगाचा दावा सर्वांत विचित्र असूनही लोकांना तोच सर्वाधिक पटतो, म्हणून त्याचा हिशेब आधी करू. रॅप ज्यातून पुढे आले त्या हिप-हॉप संगीताचा आरंभ ज्या प्रसंगापासून मोजतात, तो ११ ऑगस्ट १९७३ चा आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२०, सेज्विक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी एक छोटा समारंभ ठेवला होता आणि तिचा भाऊ, म्हणजेच पुढे डीजे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झालेला तरुण, तेथे तबकड्या वाजवत होता. रॅपची पहिली मोठी गाजलेली तबकडी १९७९ मध्ये निघाली. अमेरिकेतील खासगी तुरुंगांची पहिली मोठी कंपनी, करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, स्थापन झाली १९८३ मध्ये. ज्या कंपन्या अस्तित्वातच नव्हत्या, त्यांनी दहा वर्षे आधी एका वस्तीतल्या भावंडांकडून संगीतप्रकार कसा जन्माला घालून घेतला, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

या कथेचे मूळही शोधता येते. एप्रिल २०१२ मध्ये इंटरनेटवर एक निनावी पत्र प्रसिद्ध झाले. १९९१ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या बाहेर एका घरात संगीत व्यवसायातील लोकांची गुप्त बैठक झाली, तेथे तुरुंग भरण्यासाठी गुन्हेगारीचे रॅप वाढवण्याचे ठरले, असे त्यात लिहिले होते. पत्रलेखकाने स्वतःचे नाव दिले नाही, हजर असलेल्या एकाचेही नाव दिले नाही, एकही कागद दाखवला नाही. आणि पत्र क्षणभर खरे मानले तरी काळाचा मेळ बसत नाही. रस्त्यावरच्या टोळ्यांचे वर्णन करणारे रॅप फिलाडेल्फियाच्या स्कूली डीने १९८५ मध्ये आणि लॉस एंजेलिसच्या आइस-टीने १९८६ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. आइस क्यूब ज्या एन.डब्ल्यू.ए. या गटात होता, त्याचा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' हा अल्बम १९८८ चा आहे. पैशांच्या वाट्यावरून वाद होऊन क्यूब १९८९ मध्ये त्या गटातून बाहेरही पडला होता. म्हणजे कथित बैठकीत जे सुरू करण्याचे ठरले, ते त्याआधी काही वर्षे दुकानांत विकले जात होते.

अमेरिकेचे तुरुंग भरले, हे मात्र खरे आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत सुमारे २ लाख कैदी होते. २००९ पर्यंत ती संख्या १६ लाखांच्या आसपास गेली. ते कायद्यांनी भरले. न्यूयॉर्क राज्याचा अमली पदार्थांविरुद्धचा कठोर कायदा १९७३ चा आहे. १९८६ च्या संघीय कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक कोकेन (धूर ओढून घेण्याचे, खड्यांच्या रूपातील कोकेन) विक्रीसाठी बाळगणाऱ्याला आणि ५०० ग्रॅम कोकेनची पूड विक्रीसाठी बाळगणाऱ्याला सारखीच, किमान पाच वर्षांची शिक्षा ठरवली. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा होणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते. ही शंभरपट तफावत २०१० मध्ये कमी झाली, ती सुद्धा शून्यावर न येता अठरा पटींवर. शिवाय खासगी कंपन्यांच्या ताब्यात अमेरिकेतील कैद्यांपैकी साधारण ८ टक्केच आहेत. बाकीचे सरकारी तुरुंगांत आहेत, आणि ते गाण्यांनी भरता येत नाहीत.

आता 'कबुली'. येथे एक अर्धसत्य मला नाइलाजाने मान्य करावे लागते. २०२३ मध्ये बिल मार या अमेरिकी सूत्रसंचालकाने घेतलेल्या मुलाखतीत आइस क्यूब खरोखरच म्हणाला की, ज्यांच्या मालकीच्या ध्वनिमुद्रिका कंपन्या आहेत त्यांच्याच मालकीचे तुरुंग आहेत, आणि गाणी लोकांना तुरुंगाकडे ढकलण्यासाठी काढली जातात. पण कबुली म्हणजे आपण स्वतः केलेल्या किंवा पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही. त्याने कोणतीही बैठक पाहिल्याचे सांगितले नाही, पुरावा दिला नाही. त्याने आपले मत सांगितले. या मताला जो काही आधार आहे तो इतकाच की, व्हॅनगार्ड आणि ब्लॅकरॉक यांसारख्या प्रचंड गुंतवणूक संस्था इंडेक्स फंडांमार्फत (बाजार निर्देशांकातील सगळ्याच कंपन्यांत पैसे गुंतवणारे फंड) बाजारातील बहुतेक मोठ्या कंपन्यांचे थोडेथोडे समभाग बाळगतात, त्यात तुरुंग चालवणाऱ्या कंपन्याही येतात आणि करमणुकीच्या व्यवसायातील कंपन्याही. त्याच संस्थांचे समभाग साबण, औषधे आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांतही असतात. समभाग असणे आणि गाण्याचे शब्द ठरवून देणे यांत जे अंतर आहे, ते क्यूबनेही ओलांडून दाखवलेले नाही. तो मोठा कलावंत आहे म्हणून त्याचे प्रत्येक विधान पुरावा ठरत नाही, हे त्याच्या चाहत्यांनीही लक्षात ठेवायला हवे.

'तुरुंगात वाढलेला गुंड' हे तर धडधडीत असत्य आहे. ओशे जॅक्सन, हे त्याचे खरे नाव, १५ जून १९६९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जन्मला. गाणी लिहू लागल्यानंतरही त्याने १९८७-८८ मध्ये अ‍ॅरिझोनातील फिनिक्स येथे जाऊन वास्तुरेखनाचा, म्हणजे आपल्याकडे आयटीआयमध्ये ज्याला ड्राफ्ट्समन म्हणतात तशा कामाचा, अभ्यासक्रम पूर्ण केला, कारण गाण्यावर पोट भरेल याची त्याला खात्री नव्हती. दाजींना हे कुणी सांगितले नाही.

एफबीआयच्या बंदीबद्दलही असेच. ऑगस्ट १९८९ मध्ये एफबीआयचे सहायक संचालक मिल्ट अ‍ॅलरिच यांनी एन.डब्ल्यू.ए.च्या अल्बमची वितरक कंपनी प्रायॉरिटी रेकॉर्ड्सला पत्र पाठवले. पोलिसांविरुद्धचे एक गाणे हिंसेला आणि अनादराला उत्तेजन देते, १९८८ मध्ये ७८ पोलीस कर्तव्यावर मारले गेले, असे त्यात म्हटले होते. त्या पत्रात बंदी नव्हती, खटला नव्हता, दंड नव्हता. उलट एका सरकारी संस्थेने गाण्यावर नापसंती कळवणे योग्य आहे का, यावरच तेथे गदारोळ झाला. २०१६ मध्ये हाच गट नामवंत संगीतकारांचा गौरव करणाऱ्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सन्मानाने दाखल झाला. ज्यांना सत्ता आणि रॅप यांचा संबंध समजून घ्यायचा आहे, त्यांनी इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही: २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या एका तरुण रॅपरवर राजकीय गाण्यावरून ठाणे जिल्ह्यात गुन्हा नोंदवला गेला होता. त्याला कोणत्या तुरुंग कंपनीने गायला लावले होते?

लशीचा मुद्दा थोडक्यात संपतो. ते ९० लाख डॉलर एका विनोदी चित्रपटातील कामाचे मानधन होते. कोविडची लस घेणे ही निर्मात्यांची अट होती, ती अमान्य करून क्यूब २०२१ मध्ये चित्रपटातून बाहेर पडला, आणि रकमेचा आकडा पुढच्या वर्षी त्याने स्वतःच सांगितला. लस कंपनीचा यात काहीही संबंध नाही. त्याचा निर्णय मला चुकीचा वाटतो. पण तो निर्णय म्हणजे वैद्यकीय शोध नव्हे.

संदेशातील सर्वांत घातक वाक्य मात्र 'त्या लोकांच्या रक्तातच गुन्हा असतो' हे आहे, आणि ते आपल्या माणसांनी न अडखळता पुढे पाठवले याचा मला सर्वाधिक संताप आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. एफबीआयच्या आकडेवारीनुसार १९९१ मध्ये अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे ७५८ हिंसक गुन्हे नोंदले गेले. त्यानंतर तो दर एकंदरीत उतरत जाऊन २०१४ पर्यंत जवळपास निम्म्यावर आला. याच काळात रॅप वस्त्यांतून निघून घराघरांत पोहोचले आणि २०१७ पर्यंत आर अँड बी या जवळच्या प्रकारासह तेथील सर्वाधिक ऐकला जाणारा प्रकार बनले. गाण्याने गुन्हे वाढत असते, तर हे दोन आलेख एकमेकांच्या विरुद्ध दिशेने गेले नसते. पण आकड्यांपेक्षाही मला आपल्या जिल्ह्यांची आठवण करून द्यायची आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. तरीही आज बीड, धाराशिव, लातूर भागात कुठे चोरी झाली की पहिला संशय पारधी वस्तीवर जातो, हे आपण सगळे जाणतो. रक्तात गुन्हा असण्याची भाषा आपल्या शेजारच्या माणसांवर काय ओढवते हे डोळ्यांनी पाहिलेल्यांनी तीच भाषा हजारो मैलांवरच्या लोकांसाठी वापरावी, याला कोणतीही सबब नाही.

राहिला संतभूमीचा मुद्दा. पैठणच्या एकनाथांनी जोशी, गोंधळी, वासुदेव आणि जोहार घालणारा महार यांच्या मुखाने भारुडे रचली, आणि ती चौकात उभे राहून सादर करण्यासाठी रचली. गंगाखेडच्या जनाबाईंच्या नावावरील अभंगात डोईचा पदर खांद्यावर आल्याची पर्वा न करता भर बाजारात जाण्याची भाषा आहे. बोलीत, ठेक्यावर, लोकांसमोर, सोवळ्या कानांना न रुचणारे बोलण्याची रीत येथे शतकानुशतके आहे. मुलाने परभणीच्या बोलीत पीकविम्यावर रॅप लिहिले, तर त्या रीतीला त्याने कसलाही धक्का लावलेला नाही.

क्यूबवर घ्यावेत असे खरे आक्षेप या संदेशात आलेलेच नाहीत. मार्च १९९१ मध्ये लटाशा हार्लिन्स या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला लॉस एंजेलिसमधील एका कोरियन दुकानदार बाईने संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून गोळी घालून ठार केले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'डेथ सर्टिफिकेट' या अल्बममध्ये क्यूबने कोरियन दुकाने जाळण्याची धमकी देणारे गाणे गायले. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्या बाईला तुरुंगवास न देता परिवीक्षा (देखरेखीखाली मोकळीक), समाजसेवा आणि ५०० डॉलर दंडावर सोडले, तेव्हा त्याच्या रागामागचे कारण जगाला दिसले. पण अन्याय एका व्यक्तीने आणि एका न्यायालयाने केला होता, धमकी मात्र सबंध समाजाला होती. एप्रिल १९९२ च्या दंगलीत कोरियन लोकांची शेकडो दुकाने जळाली. ती गाण्यामुळे जळाली असे मी म्हणणार नाही, कारण दंगलीचे तत्कालीन कारण रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांची न्यायालयातून सुटका हे होते. त्या गाण्याबद्दल क्यूबने कोरियन व्यापाऱ्यांची माफी मागितली, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. जून २०२० मध्ये मात्र त्याने ज्यूद्वेषी मानली जाणारी चित्रे समाजमाध्यमांवर टाकली आणि टीका झाल्यावर माफी न मागता आपली बाजू लावून धरली. एका पीडित समाजाचा आवाज म्हणून उभा राहिलेला माणूस दुसऱ्या समाजाबद्दल असे करतो, तेव्हा ते चूकच असते. दाजींना मुलाशी आइस क्यूबबद्दल बोलायचे असेल, तर वही परत देऊन त्यांनी या गाण्याबद्दल आणि या चित्रांबद्दल बोलावे. त्या चर्चेत मीही त्यांच्या बाजूने बसेन.