दोन एमबीच्या लाइनकडे परत जाऊ नका

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत धाकट्या भावाचा टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना आणि पुण्याचं ऑफिस जोडणारी इथरनेट लाइन (ऑफिसातले संगणक जोडणारी पद्धतच फायबरवरून दूरवर नेणारी, टेलिकॉम कंपनीची लाइन) तो परवा बंद करायला निघाला होता. कारण कारखानदारांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: 'इथरनेट म्हणजे ऑफिसातली लॅन. 100 मीटरच्या पुढे चालत नाही. तुमचा डेटा शेजारच्या कारखान्याला दिसतो. फायबर तुटली की सगळं ठप्प. जुनी दोन एमबीची लीज्ड लाइनच खरी.'

सगळ्यात घातक हा शेवटचा सल्ला, म्हणून आधी तोच. ती जुनी लीज्ड लाइन, म्हणजे कंपनीकडून भाड्यानं घेतलेली ई1 लाइन, 2.048 एमबीपीएसची (सेकंदाला एवढे मेगाबिट). 20 एमबीपीएस हवे असतील तर अशा दहा लाइन घ्या, त्या एकत्र करणारी यंत्रं दोन्ही टोकांना बसवा. कारखान्यातलं नेटवर्क इथरनेटच असतं, त्यामुळे डेटा ई1 लाइनवर चढताना तिच्या पद्धतीत बदला आणि उतरताना पुन्हा बदला. टेलिकॉम कंपन्यांकडे तर इंटरनेटच्या आयपीखाली एटीएम (बँकेचं नव्हे, डेटा वाहून नेण्याची एक पद्धत), त्याखाली एसडीएच ही आणखी एक पद्धत, असे थरावर थर होते आणि प्रत्येकाची यंत्रं वेगळी. इथरनेटनं हेच थर कमी केले. पोर्टची (यंत्रात केबल लागते त्या जागेची) क्षमता असेल तिथवर वेग वाढवायला सेटिंग बदललं की झालं, नवी लाइन ओढावी लागत नाही. हे सोडून कारखानदारांना मागे जायला सांगणं म्हणजे त्यांचं नुकसान करणं आहे.

100 मीटरची मर्यादा तांब्याच्या केबलची. आयट्रिपलई या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या 2002 सालच्या 802.3एई मानकातच फायबरवर 10 आणि 40 किलोमीटरचे प्रकार दिलेले आहेत. त्यापुढचं पुण्यापर्यंतचं अंतर कंपनीचं ट्रान्समिशन नेटवर्क पार करतं.

शेजाऱ्याला डेटा दिसत नाही. कंपनी प्रत्येक ग्राहकाच्या फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) वेगळा टॅग, म्हणजे ओळखचिठ्ठी, लावते आणि स्विच हे डेटा वाटणारं यंत्र ती फ्रेम दुसऱ्याच्या पोर्टवर सोडत नाही. टॅग म्हणजे एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक करून लपवणं) नव्हे, एवढं मान्य. पण एन्क्रिप्शन जुन्या लाइनमध्येही आपोआप नव्हतं. पगाराचा, बँकेचा डेटा जात असेल तर व्हीपीएन, म्हणजे डेटा एन्क्रिप्ट करून नेणारी सोय, लावाच.

फायबर तुटण्याच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. लाइन तुटल्यावर इथरनेटच्या जुन्या स्पॅनिंग ट्री या पद्धतीला दुसरी वाट धरायला अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त लागायचं. आता जी.8032 या मानकाच्या रिंगमध्ये (फायबरचं वर्तुळ, एका बाजूनं तुटलं तर डेटा दुसऱ्या बाजूनं जातो) हे काम 50 मिलिसेकंदांत व्हावं अशी अपेक्षा असते. पण रिंग तुमच्या गेटपर्यंत आलेलीच नसेल आणि रस्ता खोदताना जेसीबीनं तिथली एकुलती एक फायबर तोडली, तर ई1 असो की इथरनेट, लाइन बंदच पडणार. म्हणून भावाला लाइन ठेवायला लावली आणि कंपनीकडून दोन गोष्टी लेखी मागायला सांगितल्या: गेटपर्यंत दुसऱ्या रस्त्यानं येणारी फायबर आणि दुरुस्तीची मुदत.