१४ फेब्रुवारीला फाशी झालीच नव्हती

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की तो मेसेज ग्रुपवर हमखास येतो. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांचा फोटो आणि खाली मजकूर: १४ फेब्रुवारी १९३१ च्या पहाटे या तिघांना फाशी झाली, इंग्रजांनी तो दिवस विसरायला लावला, आणि आपण गुलाब वाटत बसतो. शेवटी ‘खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा’. पाठवणाऱ्यांच्या देशप्रेमाबद्दल मला शंका नाही. मजकुराबद्दल मात्र बरंच बोलायला हवं.

पहिली गोष्ट, तारीख. फाशी झाली २३ मार्च १९३१ ला, लाहोर सेंट्रल जेलमध्ये. आणि ‘पहाटे’ हा शब्द तर तारखेपेक्षाही चुकीचा आहे. फाशी २४ मार्चच्या सकाळी ठरली होती. गर्दी उसळेल या धास्तीने सरकारने ती आदल्या दिवशी संध्याकाळीच उरकली. नातेवाइकांच्या ताब्यात मृतदेह दिले नाहीत. रात्रीच्या अंधारात ते फिरोजपूरजवळ सतलजकाठी नेले आणि घाईघाईत जाळले. आज हुसैनीवालाला स्मारक आहे ते याच कारणाने. म्हणजे ती वेळ हाच त्या दिवसाचा सगळ्यात मोठा पुरावा आहे: साम्राज्य तीन पोरांच्या मृतदेहांनाही घाबरलं होतं. दोघे २३ वर्षांचे, आपले राजगुरू २२ चे. मेसेज लिहिणाऱ्याने ‘पहाटे’ लिहून नेमकं तेच पुसून टाकलं.

हे दाखवलं की मेसेजची सुधारित आवृत्ती पुढे येते: बरं, फाशी नसेल, पण शिक्षा तरी त्याच दिवशी सुनावली ना? तीही नाही. लाहोर कटाच्या खटल्यासाठी नेमलेल्या विशेष न्यायाधिकरणाने शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० ला. १४ फेब्रुवारीशी या प्रकरणाचा एक धागा आहे, पण तो नेमका उलट्या दिशेचा. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, अपील फेटाळल्यावर पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्या दिवशी व्हाइसरॉय आयर्विन यांच्याकडे फाशी रद्द करण्याची विनंती केली. तीनच दिवसांनी गांधी-आयर्विन बोलणी सुरू झाली. थोडक्यात, त्या तारखेला तिघे जिवंत होते आणि बाहेर त्यांना वाचवायची धडपड चालू होती. खुद्द भगतसिंगांना दयेची भीक नकोच होती. वडिलांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज केला तेव्हा त्यांनाही त्यांनी खरमरीत पत्र लिहिलं. फाशीच्या तोंडावर पंजाबच्या गव्हर्नरला लिहिलं ते असं, की आम्ही युद्धकैदी आहोत, फासावर लटकवू नका, गोळ्या घाला.

आता ‘दिवस विसरायला लावला’ हा आरोप. हा मला सगळ्यात जास्त खटकतो. २३ मार्च हा शहीद दिन म्हणून देशभर पाळला जातो. पुणे जिल्ह्यातल्या खेडला जाऊन बघा. गावाचं नाव राजगुरुनगर झालंय, भीमेकाठी राजगुरूंचा जन्मवाडा आहे, आणि २३ मार्चला तिथे अभिवादनाला लोक जमतात. आणखी एक उदाहरण समाजवादी नेते राममनोहर लोहियांचं. त्यांचा जन्म २३ मार्च १९१० चा. पण या तिघांचा बलिदान दिन म्हणून त्यांनी आपला वाढदिवस साजरा करणंच सोडलं. फॉरवर्ड करण्यापेक्षा हे जरा अवघड आहे, नाही का?

विसरलं कोण म्हणाल, तर १४ फेब्रुवारीला ग्रुप दणाणून सोडणारे आणि २३ मार्चला गुड मॉर्निंगची फुलं पाठवणारे.

‘व्हॅलेंटाइन इंग्रजांनी मुद्दाम आणला’ याला दोन वाक्यं पुरेत. प्रेमाशी त्या दिवसाचा संबंध चौदाव्या शतकातल्या इंग्रजी कवितेपासूनचा आहे. आणि आपल्याकडे त्याचं प्रस्थ वाढलं ते नव्वदच्या दशकात, केबल टीव्ही आणि ग्रीटिंग कार्डांबरोबर. तोवर इंग्रजांना जाऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली होती.

कुणी म्हणतं, तारखांमध्ये घोळ असतोच, एवढं काय? असतो, मान्य. भगतसिंगांची जन्मतारीख कुणी २७ सप्टेंबर १९०७ देतं, कुणी २८. (२८ धरली तर लताबाईंचा वाढदिवसही त्याच दिवशी.) एका दिवसाचा फरक समजू शकतो. पण फाशीच्या दोन तारखांमध्ये पाच आठवड्यांहून जास्त अंतर आहे, आणि फाशीची बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापलेली आहे.

मुळात कॅलेंडरच्या एका चौकोनात एकच गोष्ट राहते, हा समजच खोटा. लाहोरमध्येच बघा: १९४० साली मुस्लिम लीगच्या अधिवेशनात वेगळ्या मुस्लिम राष्ट्राचा ठराव मांडला गेला तोही २३ मार्चलाच, आणि पाकिस्तानात तो राष्ट्रीय दिन आहे. जुनं जेल कधीच पाडलं. त्या जागेच्या शादमान चौकाला भगतसिंगांचं नाव द्यावं म्हणून काही लाहोरकर अजून झगडताहेत. १४ फेब्रुवारीलाही बाबराचा जन्म आहे (१४८३), मधुबालाचा आहे (१९३३). आणि त्या दिवशी शोकच करायचा असेल तर २०१९ चा पुलवामा हल्ला आहे. त्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, त्यातले दोघे आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे. त्यांच्यासाठी १९३१ मधून काही उसनं आणायला लागत नाही.