‘इथे आलो’ छापण्याचे शास्त्र

प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देऊ लागला, तर कोणत्या फंक्शनने (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याने) कोणाला कॉल केला, म्हणजे कामाला लावले, हे शोधण्याची घाई आपण मुळीच करू नये. तशी घाई असणाऱ्यांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत ‘ट्रेस’ नावाचे मोड्यूल आयते येते. आपल्या कोडचे एक अक्षरही न बदलता ते चाललेली प्रत्येक ओळ छापते आणि मागितल्यास कोणी कोणाला कॉल केला याची यादीही देते. परंतु आयत्या गोष्टीत कसला पुरुषार्थ? आपण कोडमध्ये जागोजाग प्रिंट, म्हणजे मजकूर छापण्याची आज्ञा, लिहावे. पहिल्यात ‘इथे आलो’, दुसऱ्यात ‘इथे आलो २’, आणि संध्याकाळपर्यंत ‘इथे पण आलो’ असा मजकूर घालावा; फंक्शनचे नाव किंवा त्याला मिळालेल्या किमती छापून रहस्याची गंमत घालवू नये. ट्रेसिंगने प्रोग्रॅम मंदावतो ही तक्रार खरी आहे, म्हणून ती मोठ्याने करावी. प्रिंट पेरण्यात गेलेल्या दिवसाचा उल्लेख टाळावा.

मेथडच्या, म्हणजे क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या आराखड्यात) लिहिलेल्या फंक्शनच्या, बाबतीत विशेष दक्षता हवी. एकाच नावाची मेथड मूळ क्लासमध्ये, त्याच्या उपक्लासमध्ये आणि कोणीतरी मध्येच जोडलेल्या मिक्सिनमध्येही (इतर क्लासना जादा मेथड पुरवणाऱ्या क्लासमध्येही) असते, आणि त्यांपैकी कोणती चालणार हे समोरचे ऑब्जेक्ट प्रत्यक्षात कोणत्या क्लासचे आहे यावर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच, ठरते. आपण मात्र जी फाइल आधीच उघडी असेल तिच्यातल्या मेथडमध्ये प्रिंट घालावे आणि काहीच छापले गेले नाही, तर संगणक पुन्हा सुरू करावा.

एरर आल्यावर पायथन जो ट्रेसबॅक, म्हणजे त्या एररपर्यंत नेणाऱ्या कॉलची यादी, छापतो, त्याच्या पहिल्याच ओळीत सर्वांत अलीकडचा कॉल शेवटी असल्याचे लिहिलेले असते. म्हणून वरून वाचायला घेऊन तिसऱ्या ओळीशी थांबावे. जावा या दुसऱ्या भाषेत अलीकडचा कॉल वर असतो; तिथे अर्थातच खालून वाचावे. दोन्हींचा कंटाळा आल्यास सगळा कोड ट्रायमध्ये गुंडाळून एक्सेप्टखाली पास लिहावे, म्हणजे एरर गुपचूप गिळली जाते आणि वाचण्यासारखे काही उरतच नाही.

आउटपुट फाइलकडे वळवले, की छापलेला मजकूर आधी बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) साठतो, आणि प्रोसेस अचानक कोसळली तर त्यातला शेवटचा भाग फाइलपर्यंत पोहोचतच नाही. असल्या तपशिलात न शिरता, फाइलीत जी ओळ शेवटची दिसेल तिच्या पुढच्याच फंक्शनवर आरोप ठेवावा. ते सहकाऱ्याने लिहिलेले असेल तर विलंब नको.

सन मायक्रोसिस्टम्सने २००५ साली सोलॅरिस १० या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत डीट्रेस हे ट्रेसिंगचे साधन दिले, त्यामुळे चालता सर्व्हर न थांबवता त्यातले कॉल पाहता येऊ लागले. २००८ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, एफट्रेस हे ट्रेसिंगचे साधन आले. एवढी प्रलोभने समोर असूनही आपण ढळलो नाही.

आणि या निष्ठेचे फळ मिळतेच. दोन थ्रेडच्या (एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांच्या) शर्यतीतून होणारी चूक कधीकधी प्रिंटमुळे लागणाऱ्या किंचित विलंबानेच नाहीशी होते. असे घडल्यास कारण शोधू नये. त्या ‘इथे आलो’शेजारी ‘ही ओळ काढू नये’ अशी कॉमेंट लिहावी, बदल सर्व्हरवर चढवावा आणि सुट्टीचा अर्ज भरावा.